जोड वजनात बसली पाहिजे

ताई, नमस्कार. आमचं गाव करवीर तालुक्यात, कोल्हापूरपासून चौदा किलोमीटरवर. मुलगा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी झाला. वर्गात सगळी मिळून अठरा पोरं. आता आठवीला त्याला कोल्हापुरातल्या मोठ्या हायस्कूलमध्ये घातलंय, सेमी इंग्रजीला. एका तुकडीत साठ-पासष्ट मुलं, अशा पाच तुकड्या. केएमटीच्या शहर बसनं गंगावेशीला उतरायचं, तिथनं चालत जायचं. त्याचे दोघे जिगरी दोस्त शेजारच्या गावच्या हायस्कूलला जाणार, हा एकटाच शहरात. प्रवेश घेतल्यापासून पोरगं गप्प झालंय. जेवताना ताटात चिवडत बसतं. सकाळी पोट दुखतंय म्हणतो. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं. परवा म्हणाला, "आई, मी जनावरं बघतो, वैरण आणतो, पण मला तिथं नको घालू." ह्यांची शाळा नववीत सुटली. ते म्हणतात, "पोरगं भित्रं झालंय, तालमीत घालतो म्हंजे सरळ हुतंय." सासूबाई म्हणतात, "आपल्या घरात दहावी होणारा तूच पहिला, कच खाऊ नगोस." शाळा महिन्यावर आली. त्याचं मन घट्ट कसं करायचं?
— एक आई

ताई,

तुमच्या लेकाचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. तेरा वर्षांचा मुलगा आईच्या तोंडावर "मला तिथं नको घालू" म्हणाला, याचं मला बरं वाटलं. या वयातली बरीच मुलं असलं काही बोलत नाहीत. नुसती चिडचिड करतात, नाहीतर मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. तुमचा लेक बोलला, आणि वर त्यानं तडजोडही सुचवली: काम करतो, कष्टाला मागं हटणार नाही. असल्या पोराला भित्रा म्हणू नये. त्याला काहीतरी ठरावीक झेपत नाहीये, आणि ते काय हे अजून त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाहीये.

आधी पोटदुखीचं बोलू. डॉक्टर "काही नाही" म्हणाले, म्हणून पोरगं सोंग करतंय असं घरात कुणी धरू नका. काळजी वाढली की शरीर सावध होतं, पचन बिघडतं आणि पोटात खरोखर पिळवटतं. परीक्षेच्या सकाळी दोन-दोनदा परसाकडं पळावं लागतं, ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. तेव्हा "कुठं काय दुखतंय तुझं" म्हणू नका. "दुखतंय ना, बस जरा माझ्याजवळ" म्हणा, कोमट पाणी द्या, आणि मग ठरलेल्या कामाला लावा. दुखणं मान्य करायचं, पण त्यापायी दिवस अडवायचा नाही, एवढं पथ्य पाळा. दुखलं म्हणून घरी राहिला आणि घरी राहिल्यावर थांबलं, असं चार वेळा झालं की शरीर तीच वाट धरतं. शाळा सुरू झाल्यावर हे फार महाग पडतं.

आता तुमच्या मालकांना माझा एक निरोप सांगा. तालमीत घालायचं तर जरूर घाला, फक्त भित्रेपणाची शिक्षा म्हणून घालू नका. आणि तालीम कशी चालते, तेवढं आठवा म्हणावं. वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी खासबागेच्या मोठ्या कुस्ती मैदानात उतरवत नाही. आधी हातात फावडं देतो, हौद्यातली माती उकरायला लावतो. तांबड्या मातीची पायांना ओळख होते. मग जोर, बैठका. मग लढायला जोडीदार देतो, तोही वजनात बसणारा. चाळीस किलोच्या पोरासमोर ऐंशी किलोचा गडी उभा केला, तर पोरगं दुसऱ्या दिवसापासून तालमीचं तोंड बघणार नाही. तुमच्या लेकापुढं सध्या सगळं हायस्कूल एकदम उभं आहे. बस, पाच तुकड्या, अनोळखी पोरं, इंग्रजीतलं गणित आणि त्यावर आजीची अपेक्षा. ही जोड वजनात बसत नाही. तिचे तुकडे करायचे आणि एकेक कुस्ती लावायची. महिना आहे हातात, पुरेसा आहे.

सुरुवात त्याला बोलतं करण्यापासून. समोर बसवून "कशाची भीती वाटती सांग" म्हटलंत, तर "कशाची नाही" एवढंच उत्तर येईल. धार काढताना, वैरण कापताना, शेंगा फोडताना, जिथं दोघांची नजर कामावर असते तिथं विषय काढा. भीतीचं नावही घेऊ नका. म्हणा, "समज, शाळंचा पहिला दिवस हाय. तू फाटकातनं आत गेलास. पुढं काय काय हुतंय, सांग बघू." तो सांगत जाईल आणि एका ठिकाणी अडखळेल, किंवा "मग काय म्हाईत" म्हणून थांबेल. ती जागा मनात टिपून ठेवा. लगेच "त्यात काय एवढं" म्हणून उत्तर देऊ नका, नाहीतर पुढचं कळणारच नाही.

मी बरीच वर्षं आठवीच्या वर्गावर शिकवलं. पोरांच्या भीतीच्या जागा मोठ्या माणसांना सुचतही नाहीत अशा असतात. मुतारीचंच घ्या. नवी पोरं दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण मुतारी कुठं आहे ते विचारायची लाज वाटते, आणि सापडली तरी तिथं दहावीची पोरं घोळका करून उभी असतात. उन्हाचं चालत आलेलं पोरगं घोटभर पाण्यावर दिवस काढतं, चौथ्या तासाला डोकं धरतं, फळ्यावर लक्ष राहत नाही, आणि आम्ही शिक्षक वहीत बघून म्हणतो, हा कच्चा आहे. हे माझ्याही हातून झालंय. कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

आणि डबा. मी स्वतः खेड्यातनं शहरात आठवीला आले, तेव्हा मधल्या सुट्टीत मुली आपापल्या घोळक्यात बसल्या आणि मी डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागं गेले. भाकरी आणि लसणाची चटणी. झाकण उघडलं की वास सुटायचा, म्हणून मी झाकण अर्धंच सरकवायचे आणि आतल्या आत भाकरी मोडायचे. तुकडा हातात येईपर्यंत बोटांना चटणी लागायची, मग ती बोटं फ्रॉकच्या आतल्या बाजूला पुसायची. दोन आठवडे मी अशी जेवले. आमच्या वर्गशिक्षिकेनं ते पाहिलं असावं. त्या बोलल्या काहीच नाहीत. एके दिवशी मला स्टाफरूममधनं खडू-डस्टर आणायचं काम दिलं, आणि सोबतीला पहिल्या बाकावरची एक मुलगी दिली. रोज दोनदा जिना चढता-उतरता बोलणं व्हायचंच. त्याच आठवड्यात आमचे डबे शेजारी आले.

म्हणून तुम्हाला सांगते, पहिल्या आठवड्यात त्याच्या वर्गशिक्षकांना भेटा आणि एकच मागा: "ह्याला वर्गातलं एखादं काम द्या, आणि कुणाच्या तरी जोडीनं द्या." पोरगं लाजरं आहे, सांभाळून घ्या, असं सगळ्या वर्गासमोर सांगू नका. ते त्याच्या कानावर गेलं तर वर्षभर ते चिकटून राहील. डब्यात मात्र वाटून खाता येईल असं काहीतरी जास्तीचं घाला. शेंगदाण्याची चटणी, दोन जास्तीचे लाडू. तेरा वर्षांच्या पोरांना बोलायला विषय सापडत नाही, हात पुढं करायला सापडतो.

दाखल्याच्या नाहीतर गणवेशाच्या निमित्तानं शाळेत जाणं होईलच, तेव्हा त्याला बरोबर न्या. उन्हाळ्याच्या सुट्टीतही कार्यालय उघडं असतं. शिपाई मामांना विचारून त्याला आठवीच्या वर्गापर्यंत जिना चढून जाऊ द्या. पाण्याचे नळ कुठं, मुतारी कुठं, सायकली कुठं लावतात, मधल्या सुट्टीत पोरं कुठं बसतात, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यानं बघू दे. रिकाम्या शाळेत हे बघणं सोपं जातं. ती त्याची माती उकरणी.

बसचंही तसंच. पहिल्या खेपेला शेजारी बसून जा. दुसऱ्या खेपेला तुम्ही मागं बसा, तो पुढं. कुठं उतरायचं हे त्यानं ठरवायचं. चुकला तर एक थांबा पुढं जाऊ द्या, आणि दोघं चालत मागं या. गंगावेशीपासून शाळेपर्यंतची वाट त्यानं तुम्हाला दाखवायची, तुम्ही नाही. बस चुकली तर काय, पैसे हरवले तर काय, कुणाच्या दुकानात जाऊन घरी फोन लावायचा, हे सगळं एकदा करून बघा. कंपासपेटीच्या तळाशी पन्नासची नोट आणि कागदावर दोन फोन नंबर ठेवा. कागद साधा असला तरी दप्तरात तो आहे, हे त्याला माहीत असणं मोलाचं. आणि एक काम कराच: त्याच बसनं तुमच्या भागातली नववी-दहावीची दोन-चार पोरं शहरात जात असतील. त्यातलं एक चांगलं पोरगं हेरा आणि जेवायला घरी बोलवा. शाळेत एक ओळखीचा चेहरा असला की साठ अनोळखी चेहऱ्यांची धास्ती निम्म्यानं उतरते.

कोल्हापुरात तर ही गोष्ट फार आधी ओळखली गेली होती. खेड्यातनं शिकायला येणाऱ्या पोरांसाठी शाहू महाराजांच्या पुढाकारानं इथं १९०१ पासून वसतिगृहं उभी राहू लागली, आणि संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत झालं ते १९१७ मध्ये. शहरात शाळा होत्याच. खेड्यातल्या पोराला दोन घास खायला, पाठ टेकायला आणि आपल्या माणसांत बसायला जागा नव्हती, ती आधी केली. तुम्ही डब्यासाठी आणि सोबतीसाठी धडपडताय, तेही त्याच जातीचं काम आहे. अभ्यासाएवढंच ते महत्त्वाचं माना.

सेमीची धास्ती वेगळी काढा. लेकाला गणित येत असेल, पण सरांनी एलसीएम काढा म्हटल्यावर तो गांगरेल, कारण त्याच्या ओळखीचा लसावि आहे. मसाविला तिथं एचसीएफ म्हणतात, अंश-छेदाला न्यूमरेटर-डिनॉमिनेटर, प्रकाश संश्लेषणाला फोटोसिंथेसिस. बालभारतीच्या संकेतस्थळावर आठवीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात, मराठीतली आणि इंग्रजीतलीही. तोच धडा दोन्हीतनं शेजारी शेजारी ठेवून रोज पाच शब्द त्याला वहीत लिहायला सांगा. महिन्यात दीडशे होतील. पाठ करून घेऊ नका, नुसती ओळख होऊ द्या. वर्गात शब्द कानावर पडला की "हा तर आपला छेद" एवढं आतनं उमटलं तरी खूप. चाचणीनंतरही फारच जड गेलं, तर मराठी तुकडीत बदलून मिळेल का, ते शाळेत विचारता येतं. त्यात कमीपणा काही नाही, मी असे कितीतरी विद्यार्थी पुढं उत्तम शिकलेले पाहिलेत.

आता त्या दोन दोस्तांचं. हा भाग तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलात, पण मला वाटतं सगळ्यात जास्त दुखणं इथं आहे. पहिलीपासून सात वर्षं ज्यांच्या शेजारी बसला, ते दोघे एकत्र जाणार आणि हा वेगळा. नव्या शाळेच्या भीतीत जुनी शाळा सुटल्याचं दुःख मिसळलेलं आहे, आणि पोरांना ते वेगळं काढता येत नाही. त्याला "नवीन दोस्त मिळतील रे" असं इतक्यात म्हणू नका. म्हातारं माणूस गेल्यावर कुणी तिसऱ्या दिवशी असलं बोलत नाही ना? त्याला एकदा शाळेत जाऊन गुरुजींना भेटून येऊ दे, दोस्तांना घरी जेवायला बोलवा, आणि शाळा सुरू झाल्यावर संध्याकाळी त्याच मैदानावर तो खेळायला जाईल याची तजवीज ठेवा. शहरातली शाळा आणि क्लास यांत ती संध्याकाळ बुडवू नका. पहिल्या सहा महिन्यांत तर नकोच नको.

सासूबाईंचं बोलणं मायेपोटी आहे, हे मला कळतं. पण "तूच पहिला" हे वाक्य तेरा वर्षांच्या खांद्यावर पोत्यासारखं बसतं. तो नापास झाला तर एकटा होणार नाही, सगळं घर नापास होणार, असं त्याला वाटत राहतं. त्यांना कसं सांगायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. एवढंच म्हणा की दिवाळीपर्यंत दहावीचं नाव घरात काढायचं नाही. त्याऐवजी सकाळी त्याचा डबा आजीनं त्याच्या हातात द्यावा. आजीच्या मायेला हे काम शोभेल.

आणि त्याच्या वडिलांची शाळा नववीत का सुटली, हे त्यांनी लेकाला कधी सांगितलंय का? पैशापायी सुटली असेल, घरची जबाबदारी पडली असेल, मास्तरांचा मार असेल. काही असो, एखाद्या रात्री अंगणात बाज टाकून त्यांनी ते सरळ सांगावं, आणि शेवटी "म्हणून तू तरी शीक" हे जोडू नये. नुसतं सांगावं आणि गप्प बसावं. बापालाही कधी शाळेच्या वाटेवर पाय जड झाले होते, हे कळलं तर पोराला स्वतःची लाज वाटायची थांबेल. आवाज फुटणं, मिसरूड, रात्री झोपेत वीर्य बाहेर येणं, याबद्दलही याच सुमारास वडिलांनी नाहीतर एखाद्या समजूतदार मामानं मोकळेपणी बोलावं. आवाज चिरकतो म्हणून कितीतरी मुलं वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणायलाही कचरतात. झोप आठ ते दहा तास लागते या वयात, ती मोडू देऊ नका. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात ठेवा, सगळ्यांचाच.

एक गोष्ट त्याला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. कुणी मारलं, पैसे मागितले, अंगाला नको तिथं हात लावला, मग ते मोठं पोरगं असो की शिक्षक, घरी आल्या आल्या सांगायचं, त्याला कुणी रागावणार नाही. मुलांना मारायला किंवा मानसिक छळ करायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. घरी बोलवेना झालं तर मुलांसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे, तो त्या कंपासपेटीतल्या कागदावर लिहा.

शाळा जूनच्या मध्यावर उघडेल. पहिले दिवस तो घरी आला की दारातच "काय शिकवलं, कोण भेटलं" सुरू करू नका. पाय धुऊ दे, खाऊ दे, गोठ्यात जाऊ दे. रात्री स्वतःच बोलेल. एखाद्या दिवशी रडेल, रडू द्या. २६ जूनला शाहू जयंती येते, तोवर दहा-बारा दिवस झालेले असतील. शाळेच्या कार्यक्रमात तो आपल्या तुकडीच्या रांगेत उभा राहील. तोपर्यंत पोरगं रुळलं की नाही याचा निकाल लावूच नका. मी तर म्हणते, दिवाळीपर्यंत मनापासून जायचं, आणि मग तिघांनी बसून बोलायचं, असं त्याच्याशी ठरवा. दोस्तांच्या शाळेत जायचं दार तेव्हा उघडं ठेवणार असाल तरच तसं सांगा. त्याला गप्प करायला खोटं वचन देऊ नका.

मात्र तीन-चार आठवड्यांनंतरही तो जेवत नसेल, झोपत नसेल, वजन उतरलं असेल, संध्याकाळचा खेळही सुटला असेल, तर थांबू नका. "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही एकदा जरी बोलला, तर त्याच दिवशी हालचाल करा, त्याला एकटं सोडू नका. मनाच्या दुखण्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. तिथं जाणं म्हणजे पोराला वेडं ठरवणं, असं गावात कुणी म्हणालं तर त्याचं तोंड तुम्हीच बंद करा.

आणि शेवटचं, पावसाचं. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा नदीवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली जाईल, नदी पात्राबाहेर पडली तर रस्ते बंद होतील, शाळांना सुट्टी लागेल. रुळत आलेलं पोरगं आठवडाभर घरी बसेल, आणि पाणी उतरल्यावर जायच्या सकाळी पुन्हा म्हणेल, आई, पोट दुखतंय. पहिले पाढे पंचावन्न, असं म्हणून हात टेकू नका. आदल्या संध्याकाळी बसमधल्या त्या ओळखीच्या मोठ्या पोराला निरोप धाडा, दुसऱ्या दिवशी एक बस आधीची धरा, आणि त्या दिवसापुरतं गंगावेशीपर्यंत तुम्ही बरोबर जा.